तेविसावा प्रश्न

बाळासो साळुंखेला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय अजिबात नव्हती. शेजारच्या खोलीत नवरा-बायकोची जुंपली, तर हा आपला रेडिओचा आवाज वाढवणारा माणूस. आणि नशिबानं ह्याच्याच गळ्यात काय मारलं, तर बावीस प्रश्नांचा फॉर्म. तोही असा की त्यातला एकही प्रश्न सभ्य माणसानं दुसऱ्याला चहा पाजल्याशिवाय विचारू नये.

सांगलीत विश्रामबागेत एका बंगल्याच्या माडीवर त्याची संस्था आहे. ज्या पुरुषांचं मन पुरुषांवरच जातं, त्यांच्यासाठी ती काम करते. कुणाला तपासणीला दवाखान्यात न्यायचं, कुणाला औषधाची आठवण करायची, कुणाचं नुसतंच ऐकून घ्यायचं. बाळासोला हे काम जमतं, कारण तो त्यांच्यातलाच आहे. वय त्रेचाळीस. त्याआधी बारा वर्षं तो एका छापखान्यात प्रुफं तपासत होता. सांगली-कराड पट्ट्यातल्या हजारो लग्नपत्रिका त्याच्या नजरेखालून गेल्यात. कराडात बियाण्याचं दुकान असलेल्या एका माणसाबरोबर त्याची सात वर्षं गेली, आणि एके दिवशी त्याच माणसाच्या लग्नाची पत्रिका ह्याच्या टेबलावर तपासायला आली. बाळासोनं ती तपासली. एकही चूक राहू दिली नाही. मग महिन्याभरानं नोकरी सोडली आणि ह्या संस्थेत आला.

गेल्या वर्षी पुण्याहून प्रांजल मॅडम आल्या. तिशीची, चटपटीत, चष्म्याआडून माणसाकडं नीट बघणारी बाई. त्यांनी आणलेला फॉर्म कुठल्या कुठल्या देशांत भरून झाला होता. पुरुषांवर मन जाणाऱ्या पुरुषांना समाज किती हिणवतो, ते मोजायची ती पट्टी होती. बावीस प्रश्न. घरच्यांनी बाहेर काढलं का, मारहाण झाली का, नोकरी गेली का, देवळात किंवा कार्यक्रमात येऊ नको म्हणाले का. प्रत्येकाला ‘कधीच नाही’ला शून्य आणि ‘नेहमी’ला चार. सगळ्यांची बेरीज करायची आणि ह्या देशाची त्या देशाशी तुलना करायची. मॅडमनी सांगितलं की एकच पट्टी सगळीकडं लावली तरच कुठं किती दुखतं ते कळतं. बाळासोला ते पटलं. कापड मोजायचं तर मीटर सगळीकडं सारखाच पाहिजे.

कोऱ्या फॉर्मांची पिशवी खांद्याला लावून तो फिरायला लागला. मिरज, तासगाव, शिराळा, कराड, वाई. कुणी उसाच्या बांधावर बसून उत्तरं दिली, कुणी एस.टी. स्टँडवर, कुणी दुकानाचं अर्धं शटर ओढून. आणि उत्तरं काय? कधीच नाही. कधीच नाही. कधीच नाही. फॉर्मवर शून्यांच्या नुसत्या माळा. एकानं तर बाळासोलाच झापलं. म्हणाला, आमच्या घरात काय असली माणसं वाटली का तुला? आईनं आजवर चपाती गरमच वाढलीया.

साठ फॉर्म झाल्यावर मॅडमनी संगणकावर एक मीटिंग लावली. पलीकडं परदेशातले एक वयस्कर प्राध्यापक होते. पडद्यावर सात ठिकाणांचे सात खांब उभे केले होते, आणि सातांतला सगळ्यांत बुटका खांब सातारा-सांगलीचा होता. प्राध्यापकांनी हसून अभिनंदन केलं. तुमचा भाग फार समजूतदार दिसतो, असं ते म्हणाल्याचं मॅडमनी मराठीतून सांगितलं.

बाळासोला काय करावं कळेना. आपल्या मुलखाचं कौतुक झाल्यावर माणसाची छाती फुगायला पाहिजे, ह्याची काही फुगली नाही. खोटं म्हणावं, तर फॉर्म त्यानंच भरून आणलेले. खरं म्हणावं, तर मग तो स्वतः महिनोन् महिने गावाकडं का फिरकत नव्हता? त्याला कुणी मारलं नव्हतं. घराबाहेर काढलं नव्हतं. गेलं की आई ताट वाढायची, थोरला भाऊ पाणी द्यायचा. ‘ती’ गोष्ट घरात कधी निघालीच नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही. पण मूठ सतत आवळून धरली की हाताला रग लागते, आणि रगेचा प्रश्न त्या बावीसांत कुठं नव्हता.

मग पौष महिन्यात तो जतकडं गेला. तिथं तात्याबा म्हणून एक मेंढरंवाला भेटला. साठीला टेकलेला, बिनलग्नाचा, उन्हानं रापलेला गडी. एका ओळखीच्याच्या भरवशावर तो बोलायला तयार झाला होता. बाभळीच्या सावलीत बसून त्यानं बावीसच्या बावीस प्रश्नांना मान हलवली. न्हाई, न्हाई, न्हाई. फॉर्म संपला, पिशवीत गेला. मग चहा पिताना बाळासोनं आपलं सहज विचारलं, घरात एवढ्यात काही कार्य वगैरे आहे का. तात्याबा उठला आणि खोपटातून पत्र्याची पेटी घेऊन आला.

पेटीत अकरा लग्नपत्रिका होत्या. पुतण्यांच्या, पुतण्यांच्या बहिणींच्या, चुलत नातवाची एक. तात्याबाला वाचता येत नव्हतं, तरी कुठली कुणाची ते त्याला रंगावरून ठाऊक होतं. त्यानं एकेक काढून बाळासोच्या पुढ्यात ठेवली.

“बग जरा, माजं नाव कुटं घावतंय का,” तो म्हणाला.

बाळासोचे डोळे प्रुफं तपासणाऱ्याचे. त्यानं निमंत्रक बघितले, चुलते बघितले, समस्त परिवार बघितला. पार तळाला, ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणून बारक्या पोरांची नावं घालतात, तीही बघितली. तात्याबाचं नाव अकरांत कुठंच नव्हतं.

“ह्या हिरव्या पत्रिकंत,” तात्याबा म्हणाला, “तीन म्हैन्याच्या पोराचं नाव हाय. दूध पीत हुतं ते.”

बाळासोनं विचारलं की मग हे हिणवणं नव्हे का. त्यावर तात्याबा गोंधळला. हिणवणं कसलं, मांडवात पहिला फेटा त्यालाच बांधतात, पहिलं ताट त्याच्यापुढं येतं, नवरानवरी पहिलं पाया त्याच्या पडतात. असं सांगून त्यानं पत्रिका परत रंगानुसार लावल्या आणि पेटीला कडी घातली. मग ते मेंढरांच्या औषधाबद्दल बोलत बसले.

परतीच्या गाडीत बाळासोनं तात्याबाचा फॉर्म काढून बघितला. बेरीज शून्य. समासात त्यानं पेन्सिलीनं लिहिलं, ‘पत्रिकेत नाव नाही. अकरा.’

तेव्हापासून त्याला एक खोडच लागली. बावीस प्रश्न झाले की चहाबरोबर पत्रिकेचं विचारायचं. आणि काय सांगायचं, बावीस प्रश्नांना दगडासारखी बसलेली माणसं ह्या एका प्रश्नाला घळाघळा बोलायला लागली. कुणाला वहिनीनं सांगितलेलं की जागा पुरली नाही. कुणाचं नाव ‘मित्रपरिवारा’त टाकलेलं, सख्ख्या बहिणीच्या लग्नात. एक पोलीस शिपाई बोलता बोलता रडला. आपल्याकडं पत्रिकेतल्या नावावरून सख्खे भाऊ कोर्टात गेल्याचं आपण बघतोच. मामाचं नाव आत्याच्या खाली छापलं म्हणून वऱ्हाड माघारी फिरलेलं बाळासोनं छापखान्यात असताना स्वतः ऐकलं होतं. मग हे त्याला आधीच कसं सुचलं नाही, ह्याचं त्यालाच नवल वाटलं.

प्रांजल मॅडमनी समासातली पेन्सिल वाचली आणि खुर्चीत सरळ बसल्या. त्यांनी लगेच फॉर्मला तेविसावा प्रश्न जोडला. घरातल्या शेवटच्या लग्नपत्रिकेत तुमचं नाव होतं का? होतं तर शून्य, नव्हतं तर चार. बाळासोला प्रथमच वाटलं की आपण काहीतरी धड शोधून काढलं.

ते सुख आठवडाभर टिकलं. कराडला रविराज नावाचा एकोणतीस वर्षांचा इंजिनीअर भेटला. त्याला तेविसावा प्रश्न विचारल्यावर तो कडवट हसला. त्याचं नाव होतं. थोरल्या भावाच्या पत्रिकेत जाड अक्षरात, शिक्षणासकट, नोकरीसकट छापलेलं. लग्न झाल्या आठवड्यापासून मुलींचे बाप घरी यायला लागले. आता साखरपुड्याची तारीख धरलीय. नाव छापलं नसतं तर मी सुटलो असतो, असं तो म्हणाला. बाळासोनं पेन उचललं, खाली ठेवलं. नियमानं शून्य लिहायला हवं होतं. त्या पोराचं तोंड बघून शून्य लिहायला हात होईना.

मॅडमना सांगितलं तर त्याही घोटाळ्यात पडल्या. नाव नसलं तरी दुखतं आणि असलं तरी दुखतं, मग आकडा कशाला द्यायचा? शिवाय ज्या देशात अशा पत्रिकाच नसतात, तिथं काय विचारायचं? त्यांनी दोन दिवस फळ्यावर खडूनं खूप काही मांडलं आणि पुसलं. शेवटी म्हणाल्या की जेवढे फॉर्म मिळतील तेवढे आणा, अर्थ मागाहून लावू. आणि हो, कार्यकर्त्यांनीही आपापला फॉर्म भरून द्यायचाय. बाळासोनं स्वतःचे बावीस प्रश्न दहा मिनिटांत भरले. तेविसावा कोरा ठेवला. त्यानं सांगितलं की पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, पत्रिका निघाली की भरतो.

पुतणी म्हणजे शिवांजली, थोरल्या भावाची एकुलती एक लेक. भाऊ नानासो, फौजेतून सुभेदार होऊन आलेला, शिराळ्याच्या अलीकडं वारणाकाठच्या गावात ऊस करतो. बाळासोपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा ह्याच्या फीचे पैसे पठाणकोटहून मनिऑर्डरनं यायचे. शिवांजलीला अंगाखांद्यावर बाळासोनंच खेळवलं होतं. सख्खा चुलता हा एकच. त्यामुळं ह्या पत्रिकेत आपलं नाव असणार की नसणार, हा प्रश्न फॉर्मचा राहिलाच नव्हता. नाव नसलं तर त्याचा अर्थ एकच होता. ज्या भावाला तो बापाच्या ठिकाणी मानत होता, त्यानं ह्याला आपल्यातून वजा केलं.

एका दुपारी मोबाईल वाजला. नानासोनं पत्रिकेचा कच्चा नमुना धाडला होता. खाली दोन ओळी. ‘तपासून दे. उद्या छापायला जानार.’ घरातल्या सगळ्या पत्रिका बाळासोच तपासायचा, छापखान्यात असल्यापासूनचा रिवाज होता तो.

त्यानं फोटो मोठा केला. वर श्री जोतिबा प्रसन्न. चि. सौ. कां. शिवांजली. आजी श्रीमती शालूबाई. सुभेदार नानासो दादू साळुंखे आणि सौ. पल्लवी. चुलते म्हणून श्री. अर्जुना, तो चुलत भाऊ. मग मामा, आत्या, मावश्या, गावातली भावकी, साखर कारखान्याचे दोन संचालक. तळाला चार पोरं. त्यानं वरून खाली वाचलं, मग खालून वर. छापखान्यात नवख्यांना तो शिकवायचा की उलटं वाचलं की गाळलेलं सापडतं. गाळलेलं सापडलं. बाळासो दादू साळुंखे ह्या पत्रिकेत नव्हता.

चूक असेल का? संगणकावर बसलेल्या पोरट्यानं ओळ खाल्ली असेल. मग दाखवून द्यायची. पण चूक नसेल तर? मुद्दाम गाळलं असेल आणि हा विचारायला गेला, तर नाना कारण सांगेल. आणि कारण सांगितलं की वीस वर्षं जी गोष्ट घरात कुणी तोंडावर आणली नाही, ती चव्हाट्यावर येणार, तीही पोरीच्या लग्नाच्या तोंडावर. इकडं आड, तिकडं विहीर. दुसऱ्यांना हाच प्रश्न शंभरदा विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या भावाला एकदा विचारायचं धाडस होईना. त्यानं ‘आशिर्वाद’चा ‘आशीर्वाद’ केला, तारखेचा वार दुरुस्त केला, आणि खाली लिहिलं, ‘बाकी बरोबर आहे.’

मोबाईलवर भावाचा अंगठा आला. दुसऱ्या दिवशी आठशे पत्रिका छापल्या.

रविवारी तो गावी गेला. जायला मन घेत नव्हतं, पण पत्रिका वाटायला माणूस लागतं आणि नानानं बोलावलं होतं. ओसरीत गठ्ठे पडले होते. देवाची पत्रिका हळदकुंकू लावून पाटावर ठेवली होती. आईनं, शालूबाईनं, त्याला बसूही दिलं नाही. तिला लिहितावाचता येत नाही, आणि घरातली पत्रिका देवाला जायच्या आधी बाळासोच्या तोंडून सगळी ऐकायची, हा तिचा नेम. ती समोर मांडी घालून बसली. एकेका नावाला ‘व्हय’ म्हणायची आणि बोटाचं पेर मोजायची.

त्यानं वाचायला सुरुवात केली. जोतिबा. व्हय. शिवांजली. व्हय. आजीचं नाव आल्यावर म्हातारी लाजली. नानासो, पल्लवी. मग चुलत्यांची ओळ आली. आई पेरावर अंगठा ठेवून वाट बघत होती. नाना दारात उभा राहून गठ्ठ्याची सुतळी सोडत होता.

“चुलते,” बाळासोनं वाचलं, “श्री. बाळासो दादू साळुंखे. श्री. अर्जुना...”

“व्हय,” आई म्हणाली आणि पुढच्या पेरावर गेली.

सुतळी सोडणारे हात थांबले होते. बाळासोनं वर बघितलं नाही. राहिलेली नावं त्यानं भराभर वाचून टाकली.

दुपार कलल्यावर दोघं भाऊ पत्रिका वाटायला निघाले. आमच्याकडं पत्रिका पोस्टानं किंवा मोबाईलवर धाडली तर ती पत्रिकाच नव्हे. घरातल्या माणसानं उंबऱ्यावर जाऊन हातात द्यावी लागते, घरधनी ती तिथंच उघडतो, आणि पहिलं काय वाचतो? मुहूर्त नव्हे. कुणाकुणाची नावं घातलीत ते. पहिल्याच घरात हरिबा आप्पांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं आणि भुवया वर केल्या.

“बाळासो, तुजं नाव कुटं दिसंना रं ह्यात?”

नाना खाकरला. बाळासोच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “तपासायला माझ्याकडंच होती आप्पा. माझ्याच हातनं राहिलं.”

आप्पा खो खो हसले. लोकांच्या चुका काढणारा आपलंच नाव विसरला, हे त्यांना फार आवडलं. त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, ती पण हसली. दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी तेच. बाळासो तेच वाक्य सांगत गेला आणि गाव हसत गेलं. आणि गंमत अशी की सहाव्या-सातव्या घरापासून त्याचं त्यालाच कळेनासं झालं, आपण खोटं सांगतोय की खरं.

मारुतीच्या देवळापाशी उसाचा ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा होता. दोघं पारावर टेकले. नाना समोरच्या ट्रॉलीकडं बघत होता.

“दर घरात माज्यासाटी खोटं बोलतोयस,” तो म्हणाला.

आता मात्र बाळासोला राहवेना. त्यानं विचारलं, नाव का गाळलं. इतके दिवस ज्या शब्दांची धास्ती घेतली होती, ते एवढेच होते.

“अर्जुनाच्या लग्नात तुजं नाव घातलं हुतं,” नाना म्हणाला. “तुला सा स्थळं आली. तू सात म्हैनं घराकडं फिरकला न्हाईस. आई रोज इचारायची, बाळू कवा येणार. मी काय सांगू तिला? म्हनून ह्या खेपंला म्हनलं, नाव नगं, मानूस पायजे.”

नानाला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कुणास ठाऊक. बाळासोनं खाली बघत सांगितलं की त्याला वाटलं होतं, नानाला लाज वाटत असेल.

“वाटती की,” नाना म्हणाला. “खोटं कशाला बोलू? थोडी वाटती. पर तुज्याबिगर मांडवात हुबं ऱ्हायाची त्येच्यापेक्षा जास्ती वाटती.” मग तो थोडं चिडूनच पुढं बोलला. “आन तपासायला तुलाच धाडली हुती की. तुला पायजे असतं तर तू घातलं असतंस, मी छापलं असतं. मी वाट बगितली रं. तू ‘बाकी बरोबर आहे’ लिवलंस.”

भावानं ओळ रिकामी सोडली होती आणि ती रिकामीच बरोबर आहे असं बाळासोनं स्वतः लिहून दिलं होतं. तेविसावा प्रश्न त्यानं एवढ्या जणांना विचारला, नाव नव्हतं म्हटलं की चार लिहिले, आणि त्या नावावर काट मारणारा हात कुणाचा हे एकालाही विचारलं नाही. आता स्वतःच्या फॉर्मवर काय लिहायचं? भावाला लाज वाटते, त्याचे चार. भावाला हा पाहिजे होता, त्याचं शून्य. आणि ह्यानं स्वतःच स्वतःला गाळून टाकलं, त्याचे किती? असली पट्टी कुठल्या देशात मिळते ते प्राध्यापकांनाच विचारायला हवं होतं. त्याला रडू येत होतं आणि भावाचा रागही येत होता, आणि कशाचं जास्त हे त्याला उमगत नव्हतं. ट्रॅक्टर निघून गेला. नाना उठला, त्यानं पत्रिकांची पिशवी ह्याच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली.

शेवटचं घर अंबूबाईचं. पूर्वी ग्रामपंचायतीची सदस्य होती, सत्तरी ओलांडली तरी वर्तमानपत्र रोज वाचते, आणि तिच्यापुढं गावात कुणाची थाप चालत नाही. तिनं दोघांना खाटेवर बसवलं, पत्रिका उजेडाला धरली आणि ओठ हलवत सगळी वाचली. संपल्यावर पुन्हा वरपासून वाचली.

“ह्यात बाळू कुटाय?” तिनं विचारलं.

“माझ्या हातनं राहिलं,” बाळासो म्हणाला.

“माज्या हातनं ऱ्हायलं,” नानासो म्हणाला.

दोघं एकदमच बोलले. अंबूबाईनं चष्मा कपाळावर चढवला आणि आधी एकाकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. तिनं विचारलं की एकानं कुणीतरी धड सांगा, नेमकं कुणाच्या हातनं. बाळासोनं भावाकडं बघितलं. सुभेदार जमिनीकडं बघत होता, कान लाल झाले होते. खरं उत्तर दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि दोघांनाही ते दुसऱ्यावर ढकलायचं नव्हतं. अंबूबाईनं पत्रिकेची घडी घातली. मग ती चहा ठेवायला आत गेली.